शनिवारच्या वाचनाची पुस्तके

शाळेत पालक भेटायला येतात ते बहुधा ठरावीक कारणांनी. कुणाला दाखला हवा असतो, कुणाच्या मुलाचे गणित कच्चे असते, कुणाला फीची सवलत हवी असते. गेली काही वर्षे मात्र यात आणखी एका गाऱ्हाण्याची भर पडली आहे. कामाचे बोलणे आटोपते, पालक उठतात, दारापर्यंत जातात आणि मागे वळून म्हणतात, "सर, पोरगं काही वाचतच नाही बघा. घरात आलं की मोबाइल. एखादं चांगलं पुस्तक सांगा की."

या प्रश्नाचे उत्तर दारात उभे राहून देता येत नाही. मूल किती वर्षांचे, घरी कोणती भाषा बोलते, त्याला हसायला आवडते की घाबरायला, हे ठाऊक असल्याशिवाय पुस्तकाचे नाव सांगणे म्हणजे नाडी न बघता काढा देण्यासारखे आहे. तरीही पालकांचा प्रश्न खोटा नाही. आमच्या शाळेत दर शनिवारी चालणाऱ्या वाचनवर्गात जी पुस्तके मुलांच्या हाती दिली, त्यांतली कोणती चालली, कोणती कपाटात परत गेली, आणि ती तशी का गेली, ते या निमित्ताने सांगतो.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाचवी ते दहावीची जी मुले आपणहून थांबतील ती थांबतात. हजेरी नाही, गुण नाहीत. तासभर वाचायचे, ऐकायचे, वाटल्यास बोलायचे आणि घरी जेवायला जायचे. यात बरीचशी मुले अशी की घरी मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात हिंदी, आणि शेजारचा चुलतभाऊ इंग्रजी माध्यमात. आपल्या बेळगावकडच्या घरांना यात नवल वाटणार नाही. गणपत गल्लीतला कोणताही दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघून तीन भाषांतून दर सांगतो. आपली मुलेही तशीच वाढतात आणि ही काही उणीव नव्हे.

पण एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला मराठी न मागता मिळते. एस.टी.च्या पाटीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, रेशनच्या फॉर्मवर त्याला ती भेटते. आपल्या मुलाची मराठी घर, शाळा, भजन आणि सकाळचे वर्तमानपत्र एवढ्यांतच राहते. जेवण, अभ्यास, रागावणे, नातेवाइकांची ख्यालीखुशाली एवढ्याला पुरेल इतके शब्द त्याच्याजवळ असतात. समुद्रावरचे वादळ, तुरुंगातून पळून जाणे, मित्राने केलेला विश्वासघात, एकटे असताना मनात येणारे विचित्र विचार, यांची मराठी त्याला आयुष्यात कुठे ऐकायला मिळणार? ती गोष्टीच्या पुस्तकातच मिळते. म्हणून आपल्याकडे मुलांच्या कादंबरीचे काम इतर ठिकाणापेक्षा मोठे आहे.

अडचण अशी की, दहा ते तेरा-चौदा या वयाचा मराठीतला फळाच अरुंद आहे. लहानांसाठी चित्रांची पुस्तके आता देखणी निघतात. माधुरी पुरंदऱ्यांनी त्यात जे काम केले त्याला तोड नाही. मोठ्यांसाठी कादंबऱ्या उदंड आहेत. मधली पायरीच निसटलेली. आमच्या पिढीने ती उडी मारून ओलांडली. 'चांदोबा' वाचता वाचता एक दिवस बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड हाती लागायचा, मग नाथमाधवांचे 'वीरधवल', आणि तिथून एकदम मोठ्यांच्या कपाटात. ज्यांना उडी जमली ते वाचक झाले. न जमलेले पुष्कळ होते, त्यांची गणती कुणी ठेवली नाही. आता तर 'चांदोबा' बंद पडला. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, हा मोठाच आधार. पण मासिकातली गोष्ट चार पानांत संपते. दीडशे पाने एकाच माणसाच्या संगतीत काढायची सवय कादंबरीच लावते.

निवड करताना मी तीन गोष्टी बघतो. पहिल्या दहा पानांत काही घडते का? गोष्टीतले मूल स्वतः काही ठरवते का, की सगळे निर्णय मोठी माणसेच घेतात? आणि लेखक मधूनच गोष्ट थांबवून उपदेश करतो का? तिसरी गोष्ट असली तर मुलांना ती लगेच कळते. ती काही बोलत नाहीत. पुढच्या शनिवारी पुस्तक परत करतात आणि "छान होतं सर" म्हणतात. "छान होतं" याचा अर्थ वाचले नाही, हे शिक्षकांना सांगायला नको.

या तिन्ही कसोट्यांना हमखास उतरतो तो फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात आणून सोडला आणि पुढे वीस पुस्तके त्याला पळवला. कधी प्रतापगडावर, कधी काश्मिरात, तर 'जवानमर्द फास्टर फेणे'मध्ये थेट चीनच्या युद्धाच्या धामधुमीत. काडीपैलवान अंगाचा, सायकलवरून भन्नाट जाणारा, 'ट्टॉक' करणारा हा पोरगा हुशार आहे, पण पहिला नंबर काढणारा हुशार नव्हे. मुलांना तो जवळचा वाटतो त्याचे कारण हेच. १९८७ साली दूरदर्शनवर त्याची मालिका आली होती आणि २०१७ साली मोठा झालेला फास्टर फेणे पडद्यावरही आला. ते पाहून पुस्तक मागणारी मुले मला भेटली. भागवतांच्या काळात फोन तारेचे होते, मुले एकेकटी आगगाडीने जात. आजच्या मुलांना हे अडते का? मुळीच नाही. उलट एकाने विचारले, "सर, त्याच्याकडं फोन असता तर गोष्टच झाली नसती की?" मी म्हटले, "बरोबर."

ना. धों. ताम्हणकरांचा 'गोट्या' याहून जुना. त्यातले घर, रीतभात, बोलणे सगळे स्वातंत्र्याच्या आगेमागेचे. पाचवीच्या मुलाने एकट्याने वाचावे असे ते राहिलेले नाही. पण मोठ्याने वाचून दाखवले तर हशा पिकतो. परक्याच्या घरी माया मिळालेल्या पोरक्या मुलाचा खोडकरपणा आणि समजूत अजून जुनी झालेली नाही. मुलींना मी ताम्हणकरांचीच 'चिंगी' देतो. त्या काळात एका मुलीला गोष्टीची नायिका करून तिला मनमुराद व्रात्यपणा करू देणारा लेखक विरळाच. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' मात्र कुणालाही द्यावा. तो मुलांच्या हाती देऊन आपण बाजूला व्हावे, समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही.

गूढकथेला पालक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. न वाचणाऱ्या मुलाला वाचनाकडे ओढणारी तेवढी ताकद दुसऱ्या कशात नाही. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी अशोक जैन यांनी मराठीत आणल्या, रोहन प्रकाशनाने त्या काढल्या. गोष्ट सांगणारा तोपशे हा फेलूदाचा चुलतभाऊ, साधारण आमच्या आठवी-नववीच्या मुलांच्या वयाचा. त्यामुळे मुले थेट त्याच्या खांद्यावरून बघतात. 'कैलासातील कारस्थान' तर वेरूळच्या लेण्यांत घडते. तिथली मूर्तींची चोरी वाचून झाल्यावर एका मुलाने आपणहून हलसीच्या देवळातल्या मूर्तींची चौकशी केली. त्याच्या मामाचे गाव खानापूरकडे, देवळात तो दर वर्षी जायचा, पण मूर्तींकडे त्याने कधी नीट पाहिले नव्हते. "सर, त्या किती जुन्या असतील?" मी सांगितले, ते कदंबांच्या वेळचे गाव, हजार वर्षांपलीकडचे. पुढच्या सुटीत तो वही घेऊन गेला. उपदेश करून हे झाले नसते.

आता 'श्यामची आई'विषयी. पालकांच्या तोंडी पहिले नाव हेच असते, आणि ते स्वाभाविक आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. मराठी घरात या पुस्तकाला जे स्थान आहे त्याविषयी वाद नाही. माझे म्हणणे एवढेच, की हे न वाचणाऱ्या मुलाचे पहिले पुस्तक नव्हे. कोकणातले ते घर, ते दारिद्र्य, तो काळ आजच्या मुलाला दूरचा. एकट्याने वाचायला बसवले तर ते आदराने वाचते आणि कंटाळते. म्हणून आम्ही ते मोठ्याने वाचतो, एका शनिवारी एक रात्र. आणि सुरुवात रडवणाऱ्या रात्रीपासून करत नाही. विहिरीत पोहायला जायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते, त्या रात्रीपासून करतो. "श्यामची आई मारते?" हा मुलांना पहिला धक्का. भिंतीवरच्या तसबिरीतली आई एकदम आपल्या घरातल्या आईसारखी दिसू लागते.

एका वर्षी वर्गात एक सहावीतला मुलगा होता. करोनाच्या साथीत, २०२१ साली, त्याची आई गेली होती. तो असेपर्यंत हे पुस्तक काढावे की काढू नये, या विचारात मी दोन-तीन शनिवार घालवले आणि दुसरीच पुस्तके वाचत राहिलो. शेवटी त्यानेच येऊन विचारले, "सर, ते श्यामचं पुस्तक वाचणार न्हाई काय यंदा?" मी पुस्तक त्याच्या हाती दिले आणि म्हटले, "तू घरी ने. वाटलं तर वाच." तीन आठवड्यांनी त्याने ते परत आणले. कोणती रात्र आवडली, असे मी विचारणार नव्हतो. आमच्या वर्गाचा तसा नियमच आहे. तोच म्हणाला, "ती मारती ते आवडलं, सर. आमची आईबी मारायची." एवढे बोलून तो खेळायला गेला. मुलांना दुःखाच्या पुस्तकापासून दूर ठेवावे असे म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगतो. पुस्तक त्याच्यावर लादले नाही, त्याच्यापासून लपवलेही नाही.

ज्या पुस्तकांसाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे आता येतो. प्रकाश नारायण संत हे इंदिरा संतांचे चिरंजीव. १९३७ चा जन्म, भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक म्हणून कऱ्हाडला आयुष्य गेले, २००३ साली अपघाताने गेले. पण मनाने ते आपल्या बेळगावच्या मुलखातून कधी हललेच नाहीत. 'वनवास' १९९४ साली आले, मागोमाग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. चारही पुस्तकांत गोष्ट एकाच मुलाची, लंपनची. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा, डोक्यात सतत काहीतरी चाललेला, संगीत आणि मित्र आणि सुमी यांत गुंतलेला पोरगा. या अर्थाने या चार पुस्तकांची मिळून एक कादंबरीच होते.

लंपन बोलतो ते आपले बोलणे आहे. त्या मराठीत कानडी शब्द असे मिसळलेले असतात, की कोणता कुठला हे बोलणाऱ्याला सांगता येत नाही. वाक्याच्या शेवटी तो 'की' येतो, 'काय की' येते. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी या भाषेचे कौतुक केले. ते योग्यच आहे, पण त्यांना ती भाषा गोड वाटली ती नवी म्हणून. आपल्या मुलांना तिचे जे होते ते वेगळेच असते.

वडगावच्या एका मागवाल्याचा मुलगा आठवीत आमच्याकडे होता. चुणचुणीत. त्याला एका वक्तृत्व स्पर्धेला पाठवले. भाषण त्याने स्वतः लिहिले होते. बक्षीस मिळाले नाही, त्याचे काही नाही. पण परीक्षकांनी समारोपात सर्वांसमोर सांगितले, की मुद्दे चांगले आहेत, भाषा मात्र शुद्ध करायला हवी. परत आल्यावर या मुलाचे वर्गात हात वर करणेच थांबले. विचारले तर पुस्तकी वाक्य मनात जुळवून मग बोलायचा, आणि जुळले नाही तर गप्प बसायचा. आपल्याकडच्या शिक्षकांना हे गप्प बसणे ओळखीचे आहे. घरची भाषा अशुद्ध, शाळेची भाषा परकी, आणि कन्नड तर परीक्षेपुरती. मग त्या मुलाने बोलावे कशात?

त्या सुमारास शनिवारी मी 'वनवास'मधली एक गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. माझे बालपण याच भागातले, त्यामुळे हेल आपोआप येतो. चार-पाच पाने झाली असतील. हा मुलगा मागच्या बाकावरून उठला, टेबलाशी आला आणि पुस्तकात डोकावून बघू लागला. मी थांबलो. "सर, हे असंच छापलंय?" मी बोट ठेवून दाखवले. त्याने ती ओळ दोनदा वाचली. "हे आमच्यासारखंच बोलतोय की ओ." मी म्हटले, "मग पुढचं तू वाच." त्याने वाचले. तासाच्या शेवटपर्यंत वाचले. पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका अधिकाऱ्याची मुलगी वर्गात होती. तिचे वाचन एरवी सर्वांत सफाईदार. पण हे पुस्तक तिच्या तोंडी सपाट लागायचे, आणि मग ती याच्याकडे बघून विचारायची, "हे कसं म्हणायचं?" तो शिकवायचा.

एका पुस्तकाने मुलाचे आयुष्य पालटले, असला दावा मी करणार नाही. तो मुलगा आता आय.टी.आय. करतो. बोलतो मात्र भरपूर.

लंपनची पुस्तके देताना एक काळजी घ्यावी. ती मुलाविषयी आहेत, पण मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत. त्यांची चाल संथ आहे. सातवीपर्यंत निवडक गोष्टी वाचून दाखवाव्यात. आठवी-नववीत हवे त्याने एकट्याने वाचावे. २०२४ साली 'लंपन' ही वेबमालिका आली आणि गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्तम वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. मुलांनी ती पाहिली असेल तर उत्तमच. पुस्तकातला लंपन त्यांना आणखी पुष्कळ सांगेल.

दहावीच्या मुलांसाठी मी एक पुस्तक राखून ठेवतो. जी. ए. कुलकर्णी हेही आपल्याच मुलखाचे. धारवाडला त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले. त्यांच्या कथा या वयाला जड जातात. मुलांसाठी त्यांची 'बखर बिम्मची' आहेच, पण मी म्हणतो ते पुस्तक 'रानातील प्रकाश'. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या १९५३ सालच्या कादंबरीचा हा अनुवाद. गोऱ्या वसाहतवाल्यांचा एक मुलगा चार वर्षांचा असताना रेड इंडियन लोकांच्या हाती पडतो. ते त्याला पोटच्या मुलासारखा वाढवतात. अकरा वर्षांनी तह होतो, आणि तहाच्या अटींनुसार त्याला जन्मदात्यांकडे परत पाठवले जाते. तो स्वतःला इंडियन समजतो. ते घर, ते बूट, ती भाषा त्याला नकोशी होते. पुढे तो पळून परत जातो. तिथे मात्र गोऱ्यांना फसवून मारण्याच्या बेतात सामील होण्याची पाळी आली, की ऐन वेळी त्याच्याने ते होत नाही. मग तेही त्याला आपला म्हणत नाहीत. पुस्तक संपते तेव्हा तो दोन्हींच्या मधे उभा असतो.

सीमाभागातल्या पंधरा वर्षांच्या मुलांना या गोष्टीची ओळख करून द्यावी लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्या घरांनी काय काय पाहिले ते त्यांनी आजोबांकडून ऐकलेले असते. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे हे त्यांना पाठ असते. सीमाप्रश्नावर माझे मत आहे, ते गावाला ठाऊक आहे आणि ते मी लपवत नाही. पण वाचनवर्गात ते मी आणत नाही. तिथे प्रश्न एवढाच, की गोष्टीतला तो मुलगा कुणाचा?

पहिल्या वर्षी यावर वर्गाचे दोन तट पडले. निम्मी मुले म्हणाली, ज्यांनी जन्म दिला त्यांचा. निम्मी म्हणाली, ज्यांनी वाढवले त्यांचा. आवाज चढले. बैलहोंगलकडची कन्नड आई आणि बेळगावचे मराठी वडील असलेली एक मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "सर, त्याला कुणी विचारलंच नाही की. दोन्हीकडचे नुसते सांगतच राहिले." वर्ग थोडा वेळ शांत झाला. मी त्यात काही भर घातली नाही. घंटा झाल्यावरही पाच-सहा मुले व्हरांड्यात तेच बोलत उभी होती, आणि काही वाक्ये मराठीत, काही कन्नडात चालली होती.

यावरून आणखी एका मुद्द्यावर येतो. आमच्या शनिवारच्या कपाटात एक खण कन्नड पुस्तकांचा आहे. एका ज्येष्ठ पालकांनी मला स्पष्टच विचारले, "गुरुजी, मराठी शाळेत ही पुस्तकं कशाला? ते तर चोहीकडून अंगावर येतंयच." त्यांच्या बोलण्यामागचे दुःख मला कळते. सक्तीने आलेल्या भाषेवर माया करणे कठीण असते. पण मुलाच्या दृष्टीने बघा. त्याला कन्नड शिकावी लागणारच आहे. ती नुसती पाठ्यपुस्तकातून आणि फॉर्मांतून आली तर ती कायम साहेबाची भाषा राहील. गोष्टीतून आली तर शेजाऱ्याची होईल. आणि कन्नड कच्ची राहिल्याने मुलाची मराठी पक्की झाली, असे मी तीस वर्षांत एकदाही पाहिले नाही. उमा कुलकर्णी बेळगावच्याच. आपल्या या दुभाषी गावातूनच कारंत आणि भैरप्पा मराठी घराघरांत गेले. दोन भाषांच्या मधे राहण्याचा असाही उपयोग असतो.

यासाठी फार सोयीचे पुस्तक म्हणजे 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने १९८१ साली आपल्या शाळेच्या आठवणी लिहिल्या. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरणाऱ्या शाळेत येते, आणि तिथले मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी चार तास तिचे बोलणे ऐकून घेतात. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे, आणि कन्नडमध्येही ते पुस्तक मिळते. आम्ही दोन्ही प्रती शेजारी ठेवतो. एकाने मराठीतून एक प्रकरण वाचायचे, दुसऱ्याने तेच कन्नडातून. शब्दांची अदलाबदल आपोआप होते. नववी-दहावीतल्या ज्याला गोडी लागेल त्याला मी पूर्णचंद्र तेजस्वींची 'कर्वालो' मूळ कन्नडातून वाचायला देतो. रानातल्या उडत्या सरड्याच्या शोधाची ती गोष्ट मुलांना खिळवून ठेवते.

त्याच वयाला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आहे, मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे. 'शाळा' मी नववीच्या आधी देत नाही, आणि नववीत मागितली तर अडवतही नाही. कादंबरी नको म्हणणाऱ्या मुलांसाठी वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' आहे. ते चरित्र असले तरी मुले ते कादंबरीसारखेच वाचतात.

ज्यांना आपल्या शाळेत किंवा गल्लीत असा वर्ग सुरू करायचा असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पन्नास वेगवेगळी पुस्तके एकेक घेण्यापेक्षा दहा पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्या. पाच मुले एकाच वेळी एकच पुस्तक वाचत असली की ती आपसांत बोलतात, आणि ते बोलणे हाच खरा वर्ग. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी इथल्या साहित्यसंमेलनांना मुलांना घेऊन जा. तिथे पुस्तके मांडलेली असतात. मुलांना पैसे हातात द्या आणि निवड त्यांची त्यांना करू द्या. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याऐवजी शाळेला एक पुस्तक द्यावे, ही आमची पद्धत आता पालकांच्या अंगवळणी पडली आहे. वाचून झाल्यावर सारांश लिहायला लावू नका. आवडले नाही तर पुस्तक अर्धवट सोडण्याची मुभा ठेवा. आणि घरी एकदा तरी, जेवण झाल्यावर, टी.व्ही. बंद करून दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवा. मूल मोठे झाले, आता त्याला वाचून काय दाखवायचे, असे समजू नका. दहावीची मुलेसुद्धा ऐकतात.

मराठी शाळांचे वर्ग लहान होत चालले आहेत, हे मी वेगळे सांगायला नको. आमच्याही शाळेत ते होत आहे. यंदा शनिवारी एकोणीस मुले थांबतात. त्यांतली सात आमच्या शाळेची नाहीत. गल्लीतल्या मित्रांबरोबर, चुलत बहिणीबरोबर ती इंग्रजी माध्यमातून येतात. घरी मराठी बोलतात, पण छापलेली ओळ त्यांना अक्षर अक्षर लावून वाचावी लागते. आमची पाचवीची मुले त्यांच्या शेजारी बसून ओळीखाली बोट फिरवतात. एकीने परवा विचारले, "सर, यांच्यासाठी कुठलं पुस्तक आधी घ्यायचं?" दिवाळीची सुटी संपली की आम्ही त्यांच्यासाठी फास्टर फेणे काढणार आहोत. पाच प्रती आहेत, आणखी दोन हव्यात.